फिटिंग फुकट, नफा गायब : ॲडव्हेंचर बाईकच्या दुकानाचा खरा हिशोब



मागच्या रविवारच्या व्हिडिओत मी माझी हिमालयन दाखवली आणि तिच्यावर लावलेल्या एकेका वस्तूबद्दल बोललो. व्हिडिओ गाडीचा होता, पण प्रश्न आले ते सगळे दुकानाचे. "सर, ॲडव्हेंचर बाईकच्या ॲक्सेसरीजचं दुकान टाकलं तर चालेल का?" "सर, पाच लाख आहेत, किती माल भरू?" एका भावाने तर सरळच विचारलं, "सर, तुम्ही गाडीवर कमावलं की गाडीनेच तुमचं खाल्लं?"

हा शेवटचा प्रश्न मला आवडला. त्याचं उत्तर बारा मिनिटांच्या व्हिडिओत बसलं नसतं, म्हणून इथे लिहितो. वही-पेन घेऊन बसा, आकडेमोड आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षी गाडीने खाल्लं. माझंही आणि दुकानाचंही. आणि एका ग्राहकाचं तर त्याहून मोठं नुकसान होता होता राहिलं. ते का झालं आणि नंतर मी काय बदललं, एवढाच आजचा धडा आहे.

आधी माझ्या गाडीचा खर्च

दुकान मिहानच्या तोंडाशी, खापरीच्या बाजूला. बीबीए करून दोन वर्षं नोकरी केली, मग हे सुरू केलं. सुरुवातीला हेल्मेट, सीट कव्हर, मोबाईल होल्डर, रेनकोट असा माल. मग मिहानमधली पोरं नवीन नवीन गाड्या घेऊन यायला लागली. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची ऑफिसं इथेच, एम्स इथेच, आयआयएम इथेच. पगार सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गाडी येते. आणि आता ती गाडी साधी राहिलेली नाही. कोणी हिरोची एक्सपल्स घेतं, कोणी सुझुकीची व्ही-स्ट्रॉम, कोणी केटीएमची ॲडव्हेंचर, जी आपल्याच चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते.

मी विचार केला, हा धंदा करायचा तर गाडी आपल्याकडेही पाहिजे. हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये आली होती. मी २०२४ च्या गुढीपाडव्याला घेतली. ४५२ सीसी, चाळीस घोड्यांची ताकद, १७ लिटरची टाकी, वजन १९६ किलो. मनात खूप दिवसांपासून होतीच. "धंद्यासाठी घेतली" हे मी घरी सांगितलं. खरं काय ते तुम्हाला कळलंच असेल.

मग सुरू झालं सामान लावणं. क्रॅश गार्ड ५,८००, खालची बॅश प्लेट ४,२००, हँडगार्ड ३,०००, जादा लाईटची जोडी ७,५००, सॅडल स्टे ४,०००, दोन्ही बाजूच्या बॅगा ९,५००, टॉप बॉक्स प्लेटसकट ११,०००, उंच विंडस्क्रीन ३,२००, आणि सीट बदलून घेतली ४,८००. बेरीज करा. बरोबर ५३,०००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अजून झाला नव्हता, पण त्याच वाटेवर होतो.

वर्षभरानंतर यातलं काय गाडीवर राहिलं? टॉप बॉक्स काढला. रिकामा असला तरी मागे वजन लोंबकळल्यासारखं वाटायचं, कच्च्या रस्त्यावर तर जास्तच. विंडस्क्रीन काढली. माझ्या उंचीला तिच्यावरून येणारी हवा बरोबर हेल्मेटवर आदळायची, मूळची काचच बरी होती. सीटही परत जुनीच बसवली. म्हणजे ११,०००, ३,२०० आणि ४,८०० मिळून १९,००० रुपये पाण्यात.

हे १९,००० मी फी समजतो. आज कोणी विचारलं, "दादा, टॉप बॉक्स लावू का?" तर मी कॅटलॉग वाचून नाही, अंगावर आलेलं सांगतो. पण एक चूक केली, ती तुम्ही करू नका. हे ५३,००० मी दुकानाच्या गल्ल्यातून काढले आणि कुठेच लिहिले नाहीत. माल आपलाच, दुकान आपलंच, मग लिहायचं कशाला? मार्चमध्ये हिशोब करायला बसलो तेव्हा मालाचा आणि विक्रीचा मेळच बसेना. आधी फिटरवर संशय आला. नंतर आठवलं की चोर आरशात आहे.

गाडी छंद म्हणून घ्या, धंद्यासाठी घ्या, काही हरकत नाही. पण तिच्या नावाचं वेगळं पान उघडा. दुकानातून एक बोल्ट जरी लावला तरी खरेदी किमतीला त्या पानावर लिहा.

नागपूरचा ग्राहक लडाखला जात नाही

दुकानात येणारा दहातला आठवा-नववा माणूस मोबाईलवर एक यादी घेऊन येतो. ती यादी लडाखच्या व्हिडिओवरून केलेली असते. पेट्रोलचा जादा कॅन, ॲल्युमिनियमच्या पेट्या, बर्फात चालणारे ग्लोव्हज. मी विचारतो, "भाऊ, येत्या सहा महिन्यांत कुठं चालला?" उत्तर येतं पचमढी, चिखलदरा, ताडोबा, पेंच. फार तर हेमलकसा. लडाख "पुढच्या वर्षी" असतं.

आपल्याकडची एक गंमत बघा. मिहानपासून दहा-पंधरा मिनिटांवर शिवमडक्याला समृद्धी महामार्ग सुरू होतो. ७०१ किलोमीटर, राज्यातला सगळ्यात गुळगुळीत रस्ता. आणि त्यावर दुचाकीला बंदी! तीन-साडेतीन लाखांची टूरिंग बाईक घेतलेला माणूस त्या कमानीकडे बघत वर्धा रोडने निघून जातो. म्हणजे आपला ग्राहक जुन्याच रस्त्यांवर आहे. अमरावतीकडून परतवाडा आणि मग चिखलदऱ्याचा घाट. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत पचमढी. जबलपूरच्या रस्त्याने पेंच. अंधार पडला की जंगल, मध्येच आडवं येणारं जनावर, समोरच्या ट्रकचा डोळ्यांवर येणारा झोत. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांचं ऊन.

या माणसाला काय लागतं? क्रॅश गार्ड लागतो, कारण जागेवरच गाडी कलंडते आणि १९६ किलो हाताने सावरत नाहीत. बरा लाईट लागतो. पंक्चरचं किट आणि छोटा पंप लागतो. हिमालयन ४५० सुरुवातीला ट्यूबच्या टायरवर आली होती, ट्यूबलेस स्पोक व्हीलचा पर्याय नंतर मिळाला. ट्यूबवाल्या गाडीचं मागचं चाक तामियाजवळ पंक्चर झालं तर काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला विचारा. बॅगा लागतात, पण कापडी. पेट्रोलचा कॅन लागत नाही. १७ लिटरमध्ये पचमढीला जाऊन बऱ्यापैकी परत येता येतं.

आणि काही गोष्टी तर फुकट असतात. एक मुलगी आली होती, एम्समध्ये कामाला. म्हणाली, "दादा, पाय टेकत नाहीत, गाडी खाली करून द्या." आधी कोणीतरी तिला सस्पेन्शनची लिंक बदलायचे सहा हजार सांगितले होते. हिमालयनची सीट दोन उंचीवर बसते, ८२५ आणि ८४५ मिलिमीटर. तिची ८४५ वर होती. मी वीस मिलिमीटर खाली बसवली, क्लचच्या लिव्हरचा कोन बदलला, हँडल थोडं फिरवलं. वीस मिनिटांचं काम. तिने नंतर तिच्या ऑफिसचे चार जण पाठवले. नवीन गाडीवर सामान लावण्याआधी आहे त्याच गाडीचं सेटिंग माणसाप्रमाणे करणं, हे कस्टमायझेशनचं पहिलं काम. यात माल विकला जात नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

तामियाचा फोन

आता मुख्य गोष्ट. ही सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

डिसेंबर २०२४. एक मुलगा, मिहानमध्येच इंजिनिअर, नवीकोरी ॲडव्हेंचर गाडी घेऊन आला. कोणती कंपनी ते सांगत नाही, गाडीचा त्यात काही दोष नव्हता. पचमढीला जायचं होतं, दोन जादा लाईट लावून पाहिजे होते. ऑनलाईन बघून आला होता, त्यामुळे किमतीत घासाघीस झाली. शेवटी जोडी ६,५०० ला दिली आणि फिटिंगचे ३०० घेतले. "फिटिंग तर फुकटच देतात सगळे" असं तो म्हणाला, आणि खरंच तेव्हा सगळे देत होते.

शनिवारची संध्याकाळ, बाहेर तीन गाड्या उभ्या. मी फिटरला म्हटलं, "चाळीस मिनिटांत काढ." तो म्हणाला, "भाऊ, रिले लावायचा तर टाकी काढावी लागेल." मी म्हटलं, "राहू दे, हेडलाईटच्या वायरवरून घे." हे माझे शब्द. फिटरची चूक नाही.

यात काय चुकलं ते समजून घ्या. दोन लाईट मिळून ८० वॅटचे. १२ व्होल्टने भागा, साडेसहा अँपिअरच्या वर करंट. आजकाल हेडलाईट एलईडी असतो, त्याला करंट कमी लागतो, म्हणून कंपनी तिथे बारीक वायर टाकते. त्या बारीक वायरवर आम्ही आणखी साडेसहा अँपिअर लादले. गाडी दुकानासमोर सुरू केली, दोन्ही लाईट झक्क लागले, ग्राहक खूश, फोटो काढला, गेला.

रविवारी संध्याकाळी साडेसातला फोन. "भाऊ, गाडी बंद पडली ना! सगळेच लाईट गेले. तामियाच्या घाटात उभा आहो."

पचमढीहून परत येताना अंधार पडल्यावर त्याने लाईट लावले होते. तासाभरात वायर तापून तिचं प्लास्टिक मऊ झालं, शेजारच्या वायरला चिकटलं, शॉर्ट झालं, मेन फ्यूज उडाला. घाटातल्या वळणावर एका क्षणात हेडलाईटसकट सगळं काळं. त्याने अंदाजाने ब्रेक मारत गाडी आतल्या बाजूला, डोंगराकडे घेतली. दुसऱ्या बाजूला दरी होती. तो पडला नाही. मागून ट्रक येत नव्हता. या दोन गोष्टींमध्ये माझी काही हुशारी नाही.

आम्ही पिकअप घेऊन निघालो, रात्री बाराच्या सुमारास पोचलो. तो एका ढाब्यावर बसला होता. काहीच बोलला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

शोरूमने वॉरंटी नाकारली. वायरिंग कापलेलं होतं, त्यांचं बरोबरच होतं. नवीन वायरिंग आणि मजुरी मिळून १४,८०० झाले, ते मी दिले. पिकअपचे वेगळे. पैसे गेले त्याचं नंतर नंतर काही वाटलं नाही. पण तो मुलगा दरीच्या बाजूला गेला असता तर आज मी हा लेख लिहीत नसतो, एवढं नक्की.

तीनशे रुपयांनी घाई लावली

त्यानंतर एक महिना मी एक काम केलं. प्रत्येक गाडी आत घेतली की वेळ लिहायची, बाहेर काढली की वेळ लिहायची. महिन्याच्या शेवटी बेरीज केली. दुकान रोज दहा तास उघडं, महिन्याला २६ दिवस, पण पाना हातात घेऊन खरं काम झालेले तास निघाले १२०. बाकी वेळ गप्पा, भाव सांगणं, माल शोधणं, चहा.

आता दुकानाचा महिन्याचा खर्च. भाडं १४,०००. फिटरचा पगार १३,०००. वीज, इंटरनेट, किरकोळ ५,०००. माझा स्वतःचा पगार २५,०००. बरेच जण स्वतःचा पगार धरतच नाहीत आणि मग म्हणतात नफा झाला. धरा. एकूण ५७,०००. त्याला १२० ने भागा. ४७५.

म्हणजे माझ्या दुकानात एक तास फिटिंगचं काम चाललं की त्याचा खर्च ४७५ रुपये आहे. हा आकडा मला पाच वर्षं माहीत नव्हता.

आता ती लाईटची जोडी परत बघा. मालावर मला सुटले ८००, फिटिंगचे ३००, मिळून १,१००. हेच काम नीट करायचं, म्हणजे टाकी काढून, रिले लावून, वायर फ्रेमच्या कडेने नेऊन बांधून, तर तीन तास लागतात. तीन तासांचा खर्च १,४२५. नीट काम केलं तर ३२५ रुपये तोटा. आणि चाळीस मिनिटांत उरकलं तर खर्च साधारण ३१७, म्हणजे ७८३ नफा.

दिसलं का? माझा भावच असा होता की चांगलं काम केलं तर तोटा आणि वाईट केलं तर नफा. मी त्या दिवशी आळशी होतो किंवा लबाड होतो असं नाही. मी ३०० रुपये घेतले होते, आणि ३०० रुपयांत जेवढा वेळ बसतो तेवढाच वेळ मी त्या वायरला दिला. आणि १४,८०० भरले तेव्हा अशा एकोणीस जोड्यांचा "नफा" एका झटक्यात गेला.

म्हणून जानेवारी २०२५ पासून लाईट फिटिंगचे १,६०० केले. माल माझा असो की ग्राहकाने ऑनलाईन मागवलेला असो, फिटिंग तेवढंच. माझा माल घेतला तर तीन तास नीट काम करून ९७५ उरतात. त्याने स्वतःचा आणला तर १७५ उरतात, पण माझा एक रुपयाही मालात अडकत नाही. आधी कोणी बाहेरचा डबा घेऊन आला की माझं तोंड पडायचं. आता म्हणतो, या.

पहिल्या महिन्यात निम्मे लोक "फिटिंगचे सोळाशे?" म्हणून परत गेले. हे सहन करायची तयारी ठेवा, आणि त्यासाठी दोन-तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवूनच हे करा. मी ठेवलं नव्हतं, घरून उसने घ्यावे लागले. बायकोने गाडीकडे बोट दाखवलं. बरोबरच होतं.

जे थांबले ते का थांबले? कारण मी काम दाखवायला लागलो. हा भाग तुमच्यातल्या जे स्वतः पाना हातात घेणार आहेत त्यांनी नीट वाचा. बॅटरीच्या प्लसवरून सरळ वायर, वीतभर अंतरात फ्यूज, ८० वॅटसाठी दहा अँपिअरचा. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ नंबरवरून लाईटला. ८५ अर्थिंगला. ८६ ला स्विचवरून येणारा सिग्नल, आणि तो सिग्नल इग्निशन चालू असतानाच मिळेल अशा ठिकाणाहून, जोडणीचा कनेक्टर लावून घ्यायचा, मूळची वायर न कापता. रिलेच्या कॉइलला करंट नाममात्र लागतो, त्यामुळे मूळ वायरिंगवर भार येत नाही. शेवटी इंजिन चालू, सगळे लाईट चालू, मल्टिमीटर बॅटरीवर. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान दिसलं तर ठीक. तेराच्या खाली जात असेल तर ग्राहकाला तोंडावर सांगायचं की एवढे वॅट या गाडीला झेपत नाहीत, कमी वॅटचे घ्या.

हे सगळं ग्राहकासमोर करतो, फोटो काढतो आणि एका कार्डावर लिहून देतो. तारीख, किलोमीटर, कुठला फ्यूज, वायर कुठून नेली, बोल्ट किती घट्ट केला, मल्टिमीटरचा आकडा. खाली माझी सही. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट तपासायला फुकट बोलावतो. ते फुकट देणं मला परवडतं, कारण त्याचे पैसे मी सोळाशेत आधीच धरलेत.

'नाही' म्हणायची कामं

काही कामं आम्ही करत नाही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावत नाही. नंबर प्लेट वाकवून देत नाही. चॅसीला वेल्डिंग करत नाही. यात मोठेपणा नाही, कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात लिहिलेल्या गाडीपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बोल्टने लागणारी आणि बोल्टने निघणारी वस्तू वेगळी, कापून-जोडून केलेला बदल वेगळा. ही रेघ दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

जादा लाईटबद्दल आमच्या दुकानाचा नियम असा की ते हेडलाईटच्या खाली, झोत रस्त्याकडे वाकवलेला, वेगळ्या स्विचवर, आणि शहरात बंद. समोरच्याच्या डोळ्यांत लाईट मारून आपला ग्राहक सुरक्षित होत नाही.

आणि प्रत्येकाला सांगतो की लावलेल्या सामानाचं बिल विमा कंपनीला देऊन पॉलिसीत नोंद करून घ्या. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी त्या सामानाचे पैसे मिळत नाहीत.

मालात अडकलेले पैसे

"पाच लाख आहेत, किती माल भरू?" त्या भावासाठी. या धंद्यातला माल हेल्मेटसारखा नाही. क्रॅश गार्ड एका मॉडेललाच बसतो. जुनी हिमालयन ४११ सीसीची होती, २०१६ पासून चालत आलेली. दिल्लीच्या करोल बागेतून चांगला भाव मिळाला म्हणून मी तिचे सॅडल स्टे सात जोड्या आणले, २,६०० प्रमाणे १८,२००. तेवढ्यात ४५० आली आणि जुनी बंद झाली. नवीनला ते बसत नाहीत, फ्रेमच वेगळी. पाच जोड्या जशा निघतील तशा काढल्या, दोन अजून माळ्यावर आहेत. कोणाकडे ४११ असेल तर सांगा, खरेदीच्याच भावात देतो.

सरकारचाही एक झटका लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्के. आपल्या धंद्यातल्या अर्ध्या गाड्या रेघेच्या अलीकडे, अर्ध्या पलीकडे. माझ्याकडे दोनशे-अडीचशे सीसीवाल्यांची विचारपूस वाढली. त्यांचं बजेट वेगळं असतं. ते एकदम ५३,००० चं सामान लावत नाहीत, चार-पाच हजारांचं लावतात आणि दोन महिन्यांनी परत येतात. मला तर हाच ग्राहक जास्त परवडतो.

म्हणून पाच लाख असतील तर मालात दीड लाखाच्या वर घालू नका. मॉडेलप्रमाणे बदलणारी वस्तू ॲडव्हान्स घेऊनच मागवा. सगळ्या गाड्यांना चालणारं तेवढंच कपाटात ठेवा. रिले, फ्यूज, चांगली वायर, कनेक्टर, पंक्चर किट, मोबाईल माउंट, बॅगांचे पट्टे. उरलेल्यातून चांगली हत्यारं, टॉर्क रेंच, मल्टिमीटर आणि सहा महिन्यांचं भाडं. कर्ज लागलंच तर मुद्रामध्ये ५० हजारांपर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर आणि दहा लाखांपर्यंत तरुण गट आहे. पण मुद्राच्या पैशातून स्वतःची बाईक घ्यायचा विचार मनात आला असेल तर तो इथेच सोडा.

जीएसटीबद्दल दोनच गोष्टी, बाकी सीएला विचारा. एक, चाळीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही हे तुम्ही ऐकलंय, ते फक्त माल विकणाऱ्याला. फिटिंगचे पैसे घेतले की तुम्ही सेवाही देताय, मग मर्यादा वीस लाखांची. दोन, दुकानाच्या नावावर बाईक घेतली की तिचा जीएसटी परत मिळतो असं कोणीतरी व्हिडिओत सांगितलंय. माझ्या-तुमच्यासारख्याला, स्वतः फिरायला घेतलेल्या गाडीवर, तो मिळत नाही. घसारा वर्षाला १५ टक्के धरता येतो, तोही धंद्यासाठी वापरली तेवढाच. पचमढीची सहल त्यात धरू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

दुकान असेल तर सात दिवस प्रत्येक कामाची आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ लिहा. दुकान नसेल तर तुमच्या ओळखीच्या एखाद्या गॅरेजवाल्या दादाजवळ दिवसभर बसा आणि त्याच्या कामाचे तास मोजा, त्याला विचारूनच. मग महिन्याचा खर्च काढा, स्वतःचा पगार धरून, आणि तासाचा भाव काढा. तुमच्या गावचा आकडा माझ्या ४७५ पेक्षा कमी येईल किंवा जास्त येईल, तो कॉमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव आणि भाडं किती ते पण लिहा, म्हणजे बाकीच्यांना अंदाज येतो.

तो तामियावाला मुलगा मधल्या काळात आला नाही. या दिवाळीनंतर आला. गाडीवर नवीन लाईट होते, दुसऱ्या कोणाकडून लावलेले. म्हणाला, "भाऊ, फक्त वायरिंग तपासून द्या." टाकी काढली. रिले होता, पण फ्यूज नव्हता. फ्यूज लावला, मल्टिमीटर दाखवला, कार्ड लिहिलं. मी पैसे नको म्हटलं तर त्याने ऐकलं नाही, तासाचे ४७५ ठेवून गेला.

पुढच्या रविवारी व्हिडिओत बॅगांचं वजन दोन्ही बाजूंना सारखं कसं करायचं ते वजनकाटा लावून दाखवतो.